मूळ गाव

मी मराठीचा मास्तर; विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. आकाशकंदिलाचं बटण दाबताना ती येते कुठून, ही चौकशी मी कधी केली नव्हती. पण यंदा वर्गात एका नव्या मुलाला सहज विचारलं, "मूळ गाव कुठलं रे?" तो उभा राहून म्हणाला, "सर, आमचं गाव पाण्यात आहे."

वर्ग हसला. मीही हसलो, हे कबूल केलं पाहिजे. तो हसला नाही.

तास संपल्यावर त्याला बाहेर गाठलं. त्याचे आजोबा कोयनाकाठचे. महाबळेश्वरला उगवणारी ही नदी सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेला धावते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला अगदी समोरासमोर भेटते. तिला १०३ मीटर उंचीच्या भिंतीनं अडवलं, डोंगरांत शिवसागर जलाशय झाला. त्यातलं पुष्कळसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, घाटाखाली पोफळीकडे सोडतात. तिथं जनित्रं फिरवून ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेकडच्या घरी दिलेली मुलगी वाटेतच गाठून पश्चिमेकडे नांदायला पाठवावी, तसा प्रकार! उपमा जुन्या वळणाची झाली खरी, पण दुसरी सुचत नाही.

योजना मोठी, यात शंका नाही. १९६२ साली वीज सुरू झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर कोसळलं, तरी धरण उभं राहिलं. आपल्या शहरांचे दिवे नि गिरण्या या पाण्यावर चालल्या.

आणि काठची माणसं? कुणी सांगलीकडे गेली, कुणी ठाण्या-रायगडाकडे. या मुलाच्या आजोबांना सोलापूर जिल्ह्यात जमीन दाखवली. जन्मभर इरल्याखाली भातलावणी केलेला माणूस, त्याच्या पुढ्यात ज्वारीचं कोरडं रान! जमिनीचे कागद अजून पुरे झालेले नाहीत. आजोबा गेले, आता वडील कचेरीत खेटे घालतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की जुन्या देवळाचा चौथरा दिसतो म्हणे. आजोबांनी त्याला तो एकदा लांबून दाखवला होता.

"नव्या गावात वीज तरी लगेच आली असेल?" मी विचारलं.

"आली ना सर. बाबा दहावीला बसले त्या वर्षी."

परवा माळ्यावरचा कंदील काढला. लागतो का ते पाहायला हिनं दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं मी उठलो नि बटण दाबलं. लागला. पहिल्याच खेपेला.