मोठ्यांचा परवचा

दिवेलागण झाली कीं मुलांकडून परवचा म्हणवून घेण्याची रीत आपल्या घरांतून होती. पाढ्यांमागून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी अशी ती चाले. हिशेबाचें काम यंत्रांनीं घेतल्यावर ही रीत मागें पडली. परंतु तिच्या पोटीं एक तत्त्व होतें, तें सोडणें हिताचें नाहीं. तें तत्त्व म्हणजे पुस्तक मिटून आठवणें.

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनीं स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ सालीं प्रसिद्ध केले. पाठ केलेलें पहिल्या कांहीं तासांतच झपाट्यानें स्मरणांतून जातें, असें त्यांत दिसलें. यावर उपाय कोणता? अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिके यांनीं विद्यार्थ्यांस उतारे वाचावयास देऊन केलेला प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींनीं उतारा पुनःपुन्हां वाचला. कांहींनीं तो न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं वाचणारे सरस ठरले, पण आठवड्यानंतर आठवणारे.

तेव्हां परवचा आतां मोठ्यांनींही म्हणावा. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सकाळीं वाचलेला लेख प्रत्येकानें न पाहतां सांगावा. वडीलमंडळी एखादें नांव आठवूं लागली कीं आपण तें चटकन् पुरवितों. हेतु चांगला; पण त्यानें त्यांच्या बुद्धीचा व्यायाम बुडतो. क्षणभर थांबावें, त्यांना आठवूं द्यावें. मात्र ओळखीची वाटच चुकूं लागली, तर परवच्यावर न विसंबतां डॉक्टरांस दाखवावें.

हें पान मिटून वरील दोन सालें आठवून पाहावीं, म्हणजे आरंभ झालाच.