दोन तोळ्यांचा ताण

देवासहून इंदूरमार्गे धारला जायचे म्हटले तर रस्ता सुमारे शंभर किलोमीटरांचा पडतो. चाळीस नंबरी सुताचा दीड किलोचा एक कोन हाती घेतला आणि त्यावरील सूत कोणी हौसेने सरळ उलगडत नेले, तर तेही देवासपासून धारपर्यंत पुरेल. ही अतिशयोक्ती नव्हे. ८४० वारांची एक लडी, आणि अशा जितक्या लड्या मिळून एक पौंड भरतो तो त्या सुताचा नंबर, असा गिरण्यांचा जुना रिवाज आहे. म्हणजे ४० नंबरी सुताच्या एका पौंडात ३३,६०० वार, एका ग्रॅमात सुमारे ६८ मीटर आणि दीड किलोत शंभर किलोमीटरांहून किंचित अधिक.

हे सूत एकसंध जन्माला येत नाही. कताईच्या रिंग यंत्रावर ते लहान लहान बाबिनींवर भरले जाते. एका बाबिनीवर पन्नासएक ग्रॅम सूत, म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटर. अशा तीस बाबिनी एकामागून एक जोडाव्या तेव्हा आपला दीड किलोचा कोन तयार होतो. हे जोडण्याचे आणि गुंडाळण्याचे काम ज्या खात्यात चालते त्याला वाइंडिंग खाते म्हणतात. कातणे आणि विणणे या दोन क्रियांना आपल्या संतवाङ्मयापासून राजकारणापर्यंत मानाचे पान मिळाले. मधल्या गुंडाळण्याला मात्र कोणी फारसे विचारले नाही. आणि तरीही कापडाचे बरेवाईट पुष्कळदा तेथेच ठरून जाते, कारण तेथे सुताला ताण दिला जातो.

हा ताण किती असावा? सर्वसाधारण नियम असा की, सूत जेवढ्या ओढीने तुटेल तिच्या एक-दशांशाच्या आसपास. ४० नंबरी सुती धागा सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅमांच्या ओढीला तुटतो. आपल्या आज्यांच्या भाषेत सांगायचे तर वीस तोळ्यांना. तेव्हा गुंडाळताना त्याला दोन तोळ्यांचा, म्हणजे तेवीसएक ग्रॅमांचा, ताण पुरे. देवासपासून धारपर्यंतची ही सारी लांबी त्या दोन तोळ्यांच्या ओढीखालून, फारसा चढउतार न होता, गेली पाहिजे. आजची स्वयंचलित यंत्रे मिनिटाला १,२०० मीटर आणि त्याहूनही अधिक वेगाने चालतात. हा वेग ताशी ७२ किलोमीटरांचा झाला. गाठीभेटींसाठी थांबावे लागले नाही, तर सूत दीड तासाच्या आत धारला पोहोचेल. आपल्या बसगाड्यांना ते अद्याप साधलेले नाही.

अडचण अशी की, बाबीन जागची हलत नाही. तिच्या टोकावरून सूत वर ओढले जाते आणि ओढले जाताना ते भोवती गरगर फिरून हवेत एक फुगा धरते. बाबीन भरलेली असते तेव्हा हा फुगा सुटसुटीत असतो आणि ओढ थोडी असते. बाबीन तळाशी रिकामी होत आली की फुगा लांबतो, सूत रिकाम्या नळीवर घासू लागते आणि ओढ काही पटींनी वाढते. शिवाय वेग दुप्पट केला तर फुग्याची ओढ चौपट होते. दर तीन मिनिटांनी नवी बाबीन येते आणि दर वेळी हाच चढ नव्याने सुरू होतो.

यावर गिरणीने योजलेला उपाय आपल्या घरातच आहे. शिलाई यंत्राच्या डोक्याशी दोन लहान गोल चकत्या असतात, त्यांच्यामधून दोरा जातो आणि बाहेरचे बटण पिळले की आतील स्प्रिंग त्या चकत्यांना एकमेकींवर दाबते. टाका सैल पडू लागला की गृहिणी सवयीने हे बटण पिळते. वाइंडिंग यंत्रावरील जुने ताणसाधन तत्त्वतः हेच आहे. फक्त स्प्रिंगऐवजी पुष्कळदा चकतीवर लहान वजने ठेवीत. दोन पात्यांच्या मधून कारभार कसा न्यावा हे देवासकरांना कोणी शिकवायला नको; थोरल्या आणि धाकट्या पातीखाली एकाच गावात त्यांनी दोन राज्ये नांदवली होती.

ताण देण्याची दुसरीही एक रीत आहे. सूत एखाद्या दांड्याभोवती किंवा एकाआड एक ठेवलेल्या खुंट्यांतून वळवून न्यावयाचे. नर्मदेच्या घाटावर नावाडी दोर खुंट्याला एकदोन वेढे देऊन भरलेली नाव सहज धरून ठेवतो, त्यातील शास्त्र हेच. येथे ओढीत भर पडत नाही, ओढीचा गुणाकार होतो. घर्षण मध्यम असेल, तर एका पूर्ण वेढ्याने ओढ सहासात पट होते आणि दोन वेढ्यांनी चाळीस पटींच्या वर जाते. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने हा हिशेब मांडला. त्याच्याही आधी नावाड्यांना तो हाताने येत होता.

बेरीज आणि गुणाकार यांतील हा भेद वाइंडिंगचे मर्म आहे. समजा, भरलेल्या बाबिनीवरून सूत ३ ग्रॅमांच्या ओढीने येते आणि ती रिकामी होताना ९ ग्रॅमांच्या ओढीने. चकत्यांनी प्रत्येक वेळी १८ ग्रॅम मिळवले, तर कोनावर जाणारा ताण २१ पासून २७ पर्यंत हलेल. हे चालण्यासारखे आहे. पण खुंट्यांनी सात पटी केल्या तर आरंभी तेच २१ ग्रॅम दिसतील आणि बाबिनीच्या शेवटी ६३ होतील, म्हणजे सुताच्या शक्तीच्या चतुर्थांशाहूनही अधिक. यंत्र लावणारा माणूस भरल्या बाबिनीवर ताण मोजून समाधानाने निघून गेला, तर दर बाबिनीच्या तळाचे शेकडो मीटर सूत ओढले जात राहील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. सूत तुटत नाही, हीच तर यातील फसगत आहे.

तुटत नसेल तर बिघडले काय? सुती धाग्यात तुटण्यापूर्वी शेकडा पाचसहा इतके लांबण्याची क्षमता असते. फाजील ताणाने ही लवचीकता आधीच खर्ची पडते. ताणा या शब्दातच ताण आहे. मागावर ताण्याचा प्रत्येक धागा धोटा जाण्यासाठी क्षणोक्षणी वर-खाली उचलला जातो आणि प्रत्येक उचलीला त्याला थोडे लांबावे लागते. ज्याची लांबण्याची शक्ती वाइंडिंग खात्यातच संपली, तो येथे तुटतो. समजा, गुंडाळले पिथमपुरात आणि तुटले बऱ्हाणपुरातील यंत्रमागावर. माग थांबला, विणकराने धागा जोडला, पुन्हा थांबला. मीटरवर मजुरी घेणाऱ्या त्या माणसाची मिळकत प्रत्येक थांब्याला घटते आणि बोल लागतो सायझिंगवाल्याला, नाहीतर कापसाला, नाहीतर विणकराच्याच हाताला. दोष उत्पन्न करणारा आणि भोगणारा यांची गाठ आयुष्यात कधी पडत नाही. माझ्या मते या विषयाकडे यंत्रविद्येचा म्हणून पाहणे पुरेसे नाही, ते याच कारणासाठी. ताणाचा दोष हा नेहमी दुसऱ्याच्या ताटात वाढला जातो.

ताण कमी पडला तरी सुटका नाही. मऊ गुंडाळलेल्या कोनाचे थर वाहतुकीत घसरतात आणि पुढे सूत उलगडताना एका वेढ्याऐवजी पाचदहा वेढ्यांचे जाळे एकदम सुटून येते.

रंगवायच्या सुताची गोष्ट आणखी निराळी. ते छिद्रे असलेल्या नळीवर मुद्दाम हलक्या ताणाने, सैलसर गुंडाळतात, कारण दाबाखालचे रंगाचे पाणी आतून बाहेर आणि बाहेरून आत असे सर्व थरांतून फिरायचे असते. एखादा थर कडक झाला तर पाणी तेथे कमी शिरते आणि रंग फिका बसतो. कोन पाहून हे कळत नाही. कापड विणून झाले की त्यावर फिकट-गडद पट्टे उमटतात. पिथमपूर धार जिल्ह्यातच येते, आणि तेथे प्रतिभा सिंटेक्ससारख्या कारखान्यांत सूत, त्याचे होजियरी कापड आणि त्याचे कपडे असे सारे एका छत्राखाली होते. होजियरीच्या सुताला गुंडाळतानाच मेणाच्या चकतीवरून नेतात, म्हणजे पुढे विणण्याच्या सुयांवर घर्षण कमी होते. एकाच मालकाच्या घरी सगळी खाती असली, तर पट्टा कोठून आला याचा माग निदान काढता येतो. विकतचे सूत घेऊन विणणाऱ्याला ती सोय नाही. देवासला व्हिप्पी स्पिनप्रो ही गिरणी ओपन-एंड सूत काढते. त्या पद्धतीत कताईचे यंत्रच सूत सरळ कोनावर गुंडाळते आणि बाबिनींची भानगडच राहत नाही. पण म्हणून ताण सांभाळण्याचे काम टळत नाही. ते कताईच्याच यंत्रावर येऊन पडते.

हवेचाही यात भाग आहे. सुती धागा ओलसर हवेत बळकट होतो आणि कोरड्या हवेत दुबळा. माळव्याच्या रात्रींचे कौतुक सर्वांनी केले आहे, पण वैशाखातल्या दुपारी येथील हवा किती कोरडी असते हे वाळवणे घालणाऱ्या बायकांना विचारावे. यासाठी खात्यात कृत्रिमरीत्या दमटपणा राखावा लागतो, साधारणतः शेकडा साठपासष्टच्या सुमारास. विजेचे बिल वाचवण्यासाठी हे यंत्र बंद ठेवले की तोच ताण, तेच सूत, पण तुटण्याचे प्रमाण वाढते. शिवाय कापसाची बारीक झुल चकत्यांमध्ये साचते, चकती किंचित उचलली जाते आणि ताण ढिला पडतो. किंवा वर्षानुवर्षे घासून चकतीला चर पडतो आणि सूत त्यात अडकत चालते. एका लांब यंत्रावर साठ डोकी असली, तर साठ ठिकाणी हे साठ प्रकारे घडू शकते.

धार जिल्ह्याच्या शेजारी, नर्मदेच्या उत्तर काठावर महेश्वर आहे. तेथे अहिल्याबाईंच्या आश्रयाने रुजलेल्या साडीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. बाण्याच्या कांड्या घरोघर चरख्यावर भरल्या जातात. कांडी भरणारी बाई एका हाताने चाक फिरवते आणि दुसऱ्या हाताच्या आंगठा-तर्जनीतून सूत जाऊ देते. सूत जड आले की बोटे आपोआप ढिली पडतात, हलके आले की आवळतात. चकती हे करू शकत नाही. ती येणाऱ्या ओढीची विचारपूस न करता आपले अठरा ग्रॅम त्यात मिळवून मोकळी होते. गेल्या काही दशकांतल्या स्वयंचलित यंत्रांनी शेवटी या बोटांचेच अनुकरण केले आहे. कोनाजवळ एक संवेदक ताण मोजत राहतो, त्याच्या सांगण्यावरून विद्युत्चुंबक चकत्यांवरील दाब कमीजास्त करतो आणि बाबीन तळाला आली की यंत्र स्वतःहून वेग उतरवते. गाठीही गेल्या. पूर्वी वाइंडिंग खात्यातील बाई तळहाताला बांधलेल्या लहानशा यंत्राने गाठ मारी. आता दाबाखालची हवा दोन टोकांचे पीळ उलगडून ते एकमेकांत मिसळून देते.

मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रिळिंग ही मुख्यत्वे स्त्रियांची खाती होती. यंत्रे सुधारत गेली तसतसे तेथील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले, आणि सुताची नाडी ओळखणारी ती बोटेही कमी झाली. इंदूरची हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. तिच्या हजारो कामगारांची देणी २०२३ च्या डिसेंबरात मार्गी लागली. तोवर बत्तीस वर्षे लोटली होती. त्या खात्यांतले हातचे ज्ञान इतकी वर्षे वाट पाहत थांबणारे नव्हते.

आता धार जिल्ह्यातील बदनावर तालुक्यात, भैंसोला येथे, दोन हजारांहून अधिक एकरांवर पी.एम. मित्र वस्त्रोद्यान उभे राहत आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याची कोनशिला बसली. कुक्षी-मनावरचा कापूस जिल्ह्यातच आहे, आणि सूत, कापड, कपडे हे सारे एका ठिकाणी व्हावे अशी योजना आहे. आपल्याकडची मुले संगणकाकडे धावतात, त्यात गैर काही नाही. पण इचलकरंजीच्या डी.के.टी.ई. सारख्या संस्थांत वस्त्रविद्या शिकवली जाते आणि तिच्या जाणकारांची गरज आता आपल्या दाराशी येत आहे, एवढे पालकांनी ध्यानात ठेवावे. यंत्रे नवीच येतील, संवेदकांसह. परंतु कोणत्या सुताला किती ग्रॅम हा आकडा संवेदकाला कोणीतरी सांगावा लागतो, आणि संवेदक स्वतः खरे बोलतो की नाही हे हातातल्या ताणमापकाने अधूनमधून पडताळावे लागते. ती फेरी भरल्या बाबिनीवर एकदा आणि रिकाम्या होत आलेल्या बाबिनीवर एकदा अशी घालायची. एका मोजणीला एक मिनिट धरले, तर साठ डोक्यांच्या यंत्राला दोन तास. त्या दोन तासांत कोनांची संख्या एकानेही वाढत नाही, आणि पाळीच्या शेवटी मोजतात ते कोनच.