कोयत्याला मत नसतं का?

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान करून मी आमच्या शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याच्या उसाच्या फडावर गेलो. गाळप १५ तारखेला सुरू झालं होतं, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्या होत्या. माझ्या बोटाला ताजी शाई, मोळी बांधणाऱ्या बाईच्या बोटांना पाचटाचे चरे. आपल्या झोपडीतल्या, म्हणजे कोपीतल्या, पत्र्याच्या पेटीतून तिनं प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्डाला चिकटलेलं मतदार ओळखपत्र, बीड जिल्ह्यातलं. म्हणाली, "हितं चालत न्हाई ना हे?"

नाही चालत.

संध्याकाळी पारावर एकानं निकाल देऊन टाकला, "त्यांना मतदानाचं काही पडलेलं नसतं." पडलेलं नसतं, तर तिनं विचारलं कशाला? नवराबायको मिळून एक कोयता. गावी जाऊन यायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं, वर मुकादमाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत पाय बांधलेले. मतदानाला भरपगारी सुट्टी द्यावी असं १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे, रोजंदारीवाल्यालासुद्धा. पण कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी नुसता मधला माणूस. सुट्टी मागायची कुणाकडे?

दुसरा शहाणा सल्ला असतो, "इथंच नाव लावा." म्हणजे गावचा सरपंच निवडायचा हक्क सोडा. आणि पुढल्या वर्षी टोळी कोल्हापुरात किंवा कर्नाटकात गेली तर? तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणूस आपल्या गावचा राहत नाही असं होत नाही, हे १९५०च्या कायद्यातच लिहिलंय.

तिसरं म्हणणं मला जास्त खटकतं. "उमेदवार गाड्या पाठवतातच की." पाठवतात, ग्रामपंचायतीला. तिथं पाच मतांनी पारडं फिरतं. विधानसभेला एवढ्या लांब गाडी कोण पाठवतो? शिवाय मतदार असे वाहून नेणं कायद्यानं भ्रष्ट आचरण आहे. ज्याच्या टेम्पोत बसून यायचं, त्याच्यासमोर मान वर करून मत कसं द्यायचं?

राहिली तांत्रिक अडचण. विस्थापित काश्मिरी पंडितांसाठी जम्मूत, दिल्लीत खास मतदान केंद्रं लागतात. जवानाचं मत टपालानं जातं. २०२४ला पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजीच्या घरी पेटी गेली. निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना दाखवायला जानेवारी २०२३मध्ये पक्षांना बोलावलं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. विरोधकांनी हरकत घेतली. त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. परमुलखातल्या केंद्रावर लहान उमेदवाराचा प्रतिनिधी कुठून बसणार?

पण इथं यंत्राची गरजच काय? मतदानाची तारीख १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, गाळपाला महिना होता. गाळप पाच-सात दिवस पुढं ढकललं असतं तर? ऊस पाच दिवसांनी वाळून जात नाही, हे मी ऊसवाला सांगतो. मतदानाच्या तारखाही हलवता येतात. २०२४च्या लोकसभेला भीमेपलीकडे दौंडला ७ मेला मतदान झालं, अलीकडे आमच्या शिरूरला १३ मेला. एका नदीच्या दोन काठांना दोन तारखा मिळतात. आणि मे महिन्यात टोळ्या घरी असतात.

तारीख हलवायची नसेल, तर टोळीची यादी कारखान्याकडे असतेच. त्यावरून एसटी आयोगानं सोडावी, उमेदवारानं नव्हे. ऊसतोड संघटना मतदानाची सोय मागत आल्याच आहेत. गावाकडच्या पोरांनीही दसऱ्याआधी, माणसं घरी असताना, यादी घेऊन दारोदार फिरावं. नंतर कुलूप दिसलं की 'स्थलांतरित' शेरा पडतो, नाव उडतं.

त्या विधानसभा निवडणुकीत आमच्याकडे प्रचार कशावर पेटला होता? न्हावऱ्याच्या, तेव्हा बंद असलेल्या घोडगंगा साखर कारखान्यावर. तासन् तास भाषणं झाली उसावर. तोडणाऱ्याचं नाव त्यात क्वचितच आलं. त्याचं मत इथं नव्हतंच.

२३ तारखेला निकाल लागला. गावात फटाके वाजले, फडापर्यंत ऐकू आले. बाईनं डोक्यावरची मोळी गाडीत टाकली आणि मला विचारलं, "आमच्याकडं कोण आलं वो?"