‘कुठलाही टाका’ म्हणण्याआधी...

मोबाईलचं कव्हर घेताना तुम्ही किती वेळ लावता? खरं सांगा. मी परवा पाऊण तास लावला. रिव्ह्यू वाचले, फोटो झूम करून बघितले, मैत्रिणीला पाठवले, मग घेतलं. आणि गाडीचा ऑईल फिल्टर घेताना? ‘कुठलाही टाका हो, फक्त लवकर द्या.’ हे वाक्यही माझंच. पाच सेकंद लागले. त्या पाच सेकंदांबद्दलच आज बोलायचंय.

घर साताऱ्यात, कॉलेज सांगलीत. महिन्यातून दोनदा तरी पप्पांची जुनी पेट्रोल गाडी घेऊन कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा असा सव्वाशेच्या आसपास किलोमीटरचा प्रवास होतो. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉलीमागं रांगत आणि रस्त्याच्या कामाची धूळ खात. दिवाळीच्या आधी सांगलीतच ऑईल बदलून घेतलं. मिस्त्रींनी विचारलं, ‘‘फिल्टर कंपनीचा टाकू का साधा?’’ फरक होता सत्तर रुपयांचा. ऑईलला हजाराच्या वर मोजले होते, म्हणून म्हटलं सत्तर तरी वाचवू.

पंधरा दिवसांनी सकाळी गाडी चालू केली की इंजिनातून खडखड यायला लागली. दोन-तीन सेकंद, मग शांत. दिवसभर काही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पप्पांना फोनवर आवाज ऐकवला. त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘फिल्टर कुठला टाकलायस?’’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. खोकं नाही, नाव माहीत नाही आणि बिल म्हणजे एका चिठ्ठीवर लिहिलेलं ‘ऑईल + फिल्टर’.

शंभर फुटी रोडला दुसऱ्या एका मिस्त्रींकडं गेले. त्यांनी ऑईलची पातळी बघितली, ती बरोबर होती. मग फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज गेला होता. मी संध्याकाळी परत गेले आणि म्हटलं, काका, तो जुना कापून दाखवा ना. त्यांनी हसत हॅक्सॉ काढला. माझा फिल्टर कापला आणि शेजारी, त्याच गाडीचा पण चांगल्या कंपनीचा वापरून काढलेला एक फिल्टरही कापला.

बाहेरून दोन्ही डबे सारखेच. आत मात्र फरक डोळ्यांनी दिसत होता. चांगल्या फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या एकसारख्या आणि दाट. माझ्यात विरळ, एका बाजूला सरकलेल्या. पण खरा घोळ होता रबराच्या चकतीत. चांगल्यातली अजून मऊ होती. माझ्यातली पंधरा दिवसांत बिस्किटासारखी कडक होऊन कडेला वळली होती.

ही चकती म्हणजे एक झडप. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑईल परत खाली चेंबरमध्ये उतरू नये, म्हणून ती असते. ती नीट बसली नाही, तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंप आधी फिल्टर भरतो, मग ऑईल वर जातं. तोवर इंजिनाचे भाग जवळजवळ कोरडे फिरतात. खडखड होती ती हीच. एक-दोन सकाळींनी इंजिन मरत नाही, पण रोज सकाळी अशी झीज वर्षभर चालू ठेवायची का?

फिल्टरमध्ये दुसरी झडप असते ती बायपासची. कागद घाणीनं भरला किंवा थंडीत ऑईल घट्ट असलं, तर ही झडप उघडते आणि ऑईल न गाळताच पुढं जाऊ देते. कारण ऑईलच न मिळण्यापेक्षा न गाळलेलं ऑईल मिळालेलं परवडलं. ती किती दाबाला उघडावी, हे इंजिनाप्रमाणं ठरलेलं असतं. काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये नसतेच, इंजिनाच्या बाजूला असते. म्हणून ‘आटे बसले, म्हणजे फिल्टर चालतो’ हे साफ चूक. आटे बसणारे फिल्टर बरेच मिळतील, तुमच्या इंजिनाला लागणारा त्यातलाच असेल असं नाही.

गंमत म्हणजे ही वस्तू शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२३ मध्ये मोटारीसाठी ऑईल फिल्टर आणला, त्याचं नाव प्युरोलेटर. ज्या सांगली जिल्ह्यात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि ज्या साताऱ्यात आजही इंजिनांचे लायनर तयार होतात, तिथली मी. तरी बावीस वर्षांची होईपर्यंत मला फिल्टरच्या आत काय असतं हे माहीत नव्हतं. लाज वाटली थोडी.

मग काय, दरवेळी शोरूमलाच जायचं? माझं मत, नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात ‘कंपनीचाच टाक’, तेव्हा त्यांची काळजी खरी असते. पण गाडी बनवणाऱ्या कंपन्या सहसा फिल्टर स्वतः बनवत नाहीत. फिल्टर बनवणाऱ्या कंपन्यांकडून घेतात आणि आपल्या खोक्यात विकतात. मान, माहले, बॉश, एलोफिक ही नावं गाडी कंपन्यांनाही माल पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यात बाजारातही विकतात. असा बाहेरचा फिल्टर घेण्यात कमीपणा काहीच नाही. अडचण एवढीच, की त्याच कपाटात, त्याच रंगाच्या खोक्यात नाव-गाव नसलेला मालही बसलेला असतो आणि दोघांनाही आपण ‘बाहेरचा’ म्हणतो. एक शब्द, दोन वेगळ्या वस्तू.

‘बाहेर काम केलं की वॉरंटी जाते’ हेही आपण ऐकत आलोय. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध सुट्या भागांच्या प्रकरणात आदेश दिला होता. भाग खुल्या बाजारात मिळू द्या आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं त्यात सांगितलं होतं. बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढा बिघाड झाला, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असंही. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. म्हणून गाडी वॉरंटीत असेल, तर वॉरंटीचं पुस्तक आधी वाचा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. वॉरंटी संपलेल्या गाडीचं ओझं विनाकारण डोक्यावर घेऊ नका.

मग निवडायचा कसा? मिस्त्रीकाकांकडून आणि थोडं वाचून जे शिकले, ते सांगते. आधी पार्ट नंबर. गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन सांगून नंबर मिळवा आणि तोच नंबर खोक्यावर आणि डब्यावर बघा. ‘हा पण चालतो’ यावर जाऊ नका. मग खोक्यावरची माहिती वाचा. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक संपर्क हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. यातलं काही नसेल, तर खोकं परत ठेवा. मग फिल्टर हातात घ्या. वरची रबरी रिंग मऊ आणि खाचेत घट्ट हवी, आटे स्वच्छ हवेत. मधल्या मोठ्या भोकाभोवतीच्या बारीक भोकांतून ती झडपेची चकती दिसते, तीही बघा.

‘इतके मायक्रॉन गाळतो’ एवढंच लिहिलं असेल, तर त्याला फार अर्थ नाही. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, हे सांगितलं तर अर्थ. यासाठी आयएसओ ४५४८ नावाची चाचण्यांची मालिका आहे आणि तिच्या १२व्या भागात कण मोजून गाळण्याची क्षमता ठरवतात. चांगल्या कंपन्या या चाचणीचा उल्लेख करतात.

बसवतानाही समोर उभे राहा. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा बसवला, तर ऑईल गळतं. नव्या रिंगला ऑईलचं बोट लावायचं, हातानं टेकेपर्यंत फिरवायचं आणि मग साधारण पाऊण फेरा. नेमकं किती, ते डब्यावर छापलेलं असतं. पान्यानं आवळायची हौस नको. आणि मुदत पाळा. बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यातलं जे आधी येईल ते. धुळीच्या रस्त्यावर किंवा रोज गावातल्या गावात फिरवत असाल, तर त्याहून लवकर, हे गाडीच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं.

आता थोडं कडू. मी त्या पहिल्या मिस्त्रींकडं भांडायला गेले होते. ते शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, मी विचारलं होतं की नाही? तुम्हीच म्हणाला कुठलाही टाका.’’ माझ्याकडं बोलायला काही उरलं नाही. त्यांनी तसला माल ठेवायला नको होता, हे खरंच. पण तो त्यांच्या कपाटात येतो, कारण आपल्यासारखे दहा जण रोज ‘बिल कमी करा’ म्हणतात आणि एकही जण ‘कुठल्या कंपनीचा?’ विचारत नाही. आपण विचारायला लागलो, तर कपाटातला माल बदलेल. गॅरेजवाल्याला शिव्या देणं सोपं आहे, प्रश्न विचारणं थोडं अवघड.

आणि नकली खोक्याचं काय? दुसऱ्याचा ट्रेडमार्क खोटा लावणाऱ्याला १९९९च्या कायद्यात ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर तक्रार करता येते. पण तक्रारीला आधी काय लागतं? बिल. माझ्याकडं होती चिठ्ठी. म्हणून कितीही ओळखीचं गॅरेज असू दे, ‘दादा, बिलावर कंपनी आणि नंबर लिहा’ एवढं म्हणा. कुणाला राग येत नाही, मी म्हणून बघितलंय.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात घरची गाडी आहे. तिचे हप्ते आई-वडिलांनी फेडलेत. गावाकडं आजीला दवाखान्यात न्यायलाही तीच लागते. ती रात्री दोन वाजता चालू होणार का, हे कधीकधी त्या सत्तर रुपयांच्या डब्यावर अवलंबून असतं.

माझा कापलेला फिल्टर मी होस्टेलच्या टेबलावर पेन ठेवायला वापरते. मैत्रिणी विचारतात, हे काय गं? मी सांगते. मग विचारते, ‘‘तुमच्या गाडीत कुठला आहे?’’ अजून एकीलाही सांगता आलेलं नाही. तुम्हाला येतं का?