मैफलीचे ध्वनिमुद्रण : जपण्याजोगा ठेवा

चित्र भिंतीवर राहते, ग्रंथ कपाटात राहतो. गाणे मात्र ज्या क्षणी जन्मते त्याच क्षणी हवेत विरून जाते. गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य घडवले. त्यांच्या गायकीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित झालेले नाही. त्यामुळे आपल्याला त्यांचा आवाज वर्णनांवरून कल्पावा लागतो.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ग्रामोफोनसाठी मुद्रित झाले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर रंगणारा राग कलावंत तेवढ्यात बसवीत. ते कौशल्य मोठेच होते. पण ती मैफल नव्हती. पुढे टेपरेकॉर्डर आला आणि संपूर्ण मैफल टिपणे शक्य झाले.

अशा मुद्रणात दोष फार असतात, असा आक्षेप घेतला जातो. कोणी खोकतो, मध्येच तबला पुन्हा सुरात लावावा लागतो, एखादी तान निसटते. स्टुडिओत हे सारे टाळता येते. तरीही मला मैफलीचे मुद्रण अधिक मोलाचे वाटते. संगीत हा संवाद आहे. गायक, तबलजी आणि हार्मोनियमवादक एकमेकांना ऐकत पुढे जातात. समेवर श्रोत्यांची दाद मिळते आणि त्या दादेने गायकाला नवी जागा सुचते. आपल्या छत्तीसगढच्या पंडवानीत तर हा संवाद उघडच दिसतो. मुख्य गायक कथा सांगतो आणि त्याचा साथीदार ‘रागी’ प्रश्न विचारून, हुंकार देऊन ती पुढे नेतो. हुंकार वगळला तर पंडवानी अपुरी राहील.

पाश्चात्त्य जॅझ संगीतातही मूळ धून ठरलेली असते, विस्तार मात्र त्या वेळी सुचेल तसा होतो. स्वीडनमधील पियानोवादक एस्ब्यॉर्न स्वेन्सन यांच्या तिघांच्या वाद्यवृंदाचा एक कार्यक्रम २००६ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे मुद्रित झाला. २००८ साली पाण्याखाली सूर मारताना झालेल्या अपघातात स्वेन्सन वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. ते तिघे पुन्हा एकत्र वाजवणे आता शक्य नाही. पण ती मैफल आजही ऐकता येते.

रायपूरच्या परिसराला संगीताची परंपरा आहे. खैरागढला १९५६ पासून संगीत व कलांचे विद्यापीठ आहे. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे कुलगुरू होते. १९६३ पासून रायपूरला आकाशवाणीचे केंद्र आहे. मोठ्या संस्था आपापला संग्रह सांभाळतील. परंतु गणेशोत्सवातील गाणे, वस्तीतील भजन किंवा गावातील पंडवानी कोणी घरच्या टेपरेकॉर्डरवर टिपली असेल, तर ती कोण सांभाळणार? कॅसेटची फीत दमट हवेत खराब होते. तिच्यावर बुरशी येते, चुंबकीय थर सुटू लागतो आणि आवाज कायमचा जातो.

म्हणून अशी कॅसेट रद्दीत टाकण्यापूर्वी थोडे थांबावे. जाणकाराकडून तिची संगणकीय प्रत करून घ्यावी. कलावंत, साथीदार, स्थळ आणि तारीख यांची नोंद ठेवावी. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला ओळखता येत नाही. ती प्रत इतरांना देण्याआधी कलावंताची किंवा त्याच्या कुटुंबाची परवानगी घ्यावी, कारण गाणे टिपणाऱ्याचे नसते, गाणाऱ्याचे असते.

भास्करबुवांच्या काळी साधने तोकडी होती. आज अनेकांच्या खिशातील मोबाईलवरही ध्वनिमुद्रण करता येते. तेव्हा आपल्या गावचा एखादा आवाज यापुढे हरवला, तर साधन नव्हते असे म्हणण्याची सोय आपल्याला उरणार नाही.