यलो अलर्ट म्हणजे ‘धोक्याचे ४८ तास’ नव्हेत

पावसाळ्यात परभणीचं नाव टीव्हीवर आलं की बहुतेक वेळा ते लाल पट्टीतच येतं. ‘पुढचे ४८ तास धोक्याचे’, ‘परभणीसह मराठवाड्याला अलर्ट’, आणि मागे कुठल्या तरी दुसऱ्याच गावातल्या पुराचा व्हिडिओ. मूळ सूचना उघडून बघितली तर बऱ्याचदा तो साधा यलो अलर्ट निघतो: तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, वारा ताशी ३० ते ४० किलोमीटर. जूनमध्ये आपल्याकडे हे नाही होणार तर काय होणार?

परभणीचा इशारा हवामान विभागाच्या मुंबईतल्या प्रादेशिक केंद्राकडून येतो. ग्रीन म्हणजे इशारा नाही, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना दोन गोष्टी बघतात: घटना घडण्याची शक्यता किती, आणि घडलीच तर नुकसान किती. त्यामुळे यलो नेहमीच फुसका असतो असंही नाही. पण त्याचा अर्थ ‘संकट’ नक्कीच नाही.

‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द तर शोभेचे समजून आपण सोडूनच देतो. त्यांना ठरलेला अर्थ आहे: त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी पाऊस. नकाशात मात्र रंग अख्ख्या जिल्ह्याला लागतो. जिंतूरचे डोंगर आणि गंगाखेडचा गोदाकाठ, नऊच्या नऊ तालुके एकाच पिवळ्यात. हा दोष हवामान विभागाच्या नकाशाचा. चॅनेल पुढे काय करतं, तर रंग ठेवतं आणि शब्द गाळतं. फोटो व्हॉट्सअॅपवर दहा वेळा फॉरवर्ड झाला की फाटतो ना, तसंच.

शब्द गाळले की नवे भरावे लागतात. माझा सगळ्यात नावडता म्हणजे ‘ढगफुटीसदृश’. ढगफुटी म्हणजे छोट्याशा भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. ‘सदृश’ जोडलं की मोजायची गरजच संपते. ‘मुसळधार’चंही तेच. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, २०४.४ पर्यंत अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. बातमीत मिलिमीटरचा आकडा नसेल तर मी ती बातमी धरतच नाही.

याची किंमत शेतात मोजावी लागते. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगत असतं. पण स्क्रीनवर ‘धो धो’ दिसलं की सोयाबीनची घाई होते, पाऊस ओढ देतो आणि दुबार पेरणी डोक्यावर येते. उलटी बाजू जास्त वाईट. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये खरोखरची अतिवृष्टी झाली. वर्षभर रोज सायरन ऐकणाऱ्याला तो दिवस वेगळा आहे हे कळणार कसं?

सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावच्या पंजाबराव डखांचे व्हिडिओ एवढे का चालतात, याचं एक उत्तर इथेच आहे. त्यांच्या अंदाजांच्या शास्त्रीयतेवर वाद आहे, पण ते तारीख सांगतात, जिल्हा सांगतात आणि शेतकऱ्याच्या भाषेत बोलतात.

मूळ माहिती फोनवर फुकट मिळते. ‘मौसम’ अॅपमध्ये जिल्ह्याचा पाच दिवसांचा इशारा आणि पुढच्या तीन तासांचा अंदाज असतो. ‘मेघदूत’मध्ये दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत पीक सल्ला येतो. ग्रुपवर अलर्टची क्लिप आली तर आधी तिची तारीख शोधा. गेल्या वर्षीची असू शकते. घरचं कुणी रानात असेल तर पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ त्यांच्याही फोनमध्ये टाकून द्या, लोकेशन चालू ठेवून. वीज जवळ आली की ते सांगतं, आणि ती यलो अलर्टच्या दिवशीही पडते.