शाळा निवडण्याचा हक्क आपलाही आहे

'गल्फात शाळा कुठली का असेना, दिरहॅम मिळाले की झाले.' गोव्यात पेडणे-डिचोलीकडे बी.एड. झालेल्या मुलींना हा सल्ला हटकून मिळतो. पाठोपाठ दुसरा येतो: 'आपण मराठी शाळेत शिकलेली माणसे, मिळेल ती नोकरी घ्यावी.' दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात, आणि दोन्ही चुकीचे आहेत.

आधी पैशाचेच बोलू. समजा, दुबईतल्या दोन शाळा महिना ५,००० दिरहॅम देतात. एकीच्या पत्रात मूळ वेतन ४,००० आणि बाकी भत्ते. दुसरीच्या पत्रात मूळ वेतन फक्त २,०००. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर धरतात, पहिली पाच वर्षे वर्षाला २१ दिवसांची. पाच वर्षांनी एकीकडून १४,००० दिरहॅम मिळतील, दुसरीकडून ७,०००. मग पगार सारखा कसा? नोकरभरतीचा खर्च कामगाराकडून घेऊ नये, असेही तोच कायदा सांगतो. तरी एजंटाने व्हिसाचे पैसे मागितले की घरातले सोने गहाण पडते. पैसे मागून नेमणूक देणारी शाळा तिथल्या तिथे सोडावी.

'इंटरनॅशनल' या पाटीवरही भुलू नये. अभ्यासक्रम सीबीएसईचा, ब्रिटिश की आणखी कुठला, ते विचारावे. दुबईत केएचडीए या सरकारी खात्याने शाळांच्या तपासणीचे अहवाल जाहीर केलेले आहेत. ते वाचायला कुणाची ओळख लागत नाही.

आता मराठीचे. गोवा मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी शाळा काढल्या. आजही इथली कितीतरी मुले चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत जाऊन बसतात. आखातातल्या वर्गात घरी मल्याळम, तमिळ, उर्दू बोलणारी मुले इंग्रजीतून भूगोल शिकत असतात. काही न समजता मान हलवणारे मूल कोणते, हे स्वतः पाचवीत तसे बसलेल्या बाईंना चटकन ओळखता येते. ही कमाई आहे, उणीव नव्हे.

म्हणून मुलाखतीत आपणही विचारावे: वर्गात मुले किती? आठवड्याला तासिका किती? गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? सध्याच्या एखाद्या शिक्षिकेशी बोलता येईल का? असे विचारले तर नोकरी हातची जाईल म्हणतात. एखादी जाईलही. पण चार प्रश्न ऐकून न घेणारी शाळा सही झाल्यावर तुमचा रजेचा अर्ज तरी धड वाचेल का?